चौदा नंबरचा डावा मोजा

ड्रायरच्या जाळीवर कपड्यांचा भुसा साचतो. इथे त्याला लिंट म्हणतात. दर फेरीनंतर तो काढावा लागतो, नाहीतर पेट घेईल, असं मशीनवरच लिहिलेलं असतं. किश्शांचंही तसंच. नऊ वर्षं मी आमच्या शहराच्या टीमचे कपडे धुतले आणि ही किश्शांची जाळी एकदाही साफ केली नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायका विचारतात, "आजी, त्या जपानी खेळाडूचं सांगा ना." मग मी एखादा हसण्याजोगा सांगते आणि बाकीचे ठेवून देते. आज सगळे काढते.

टीम फुटबॉलची. इथे त्याला सॉकर म्हणतात आणि जो खेळ हातानं खेळतात त्याला फुटबॉल. त्यावर वाद घालणं मी केव्हाच सोडून दिलं.

*

आधी मी तिथे कशी पोचले ते सांगते.

हे गेल्यावर मंदारनं, म्हणजे माझ्या मुलानं, मला इचलकरंजीहून उचलून डब्लिनला आणलं. ओहायोतलं डब्लिन. घर मोठं, रस्ते स्वच्छ आणि दिवसभर माणूस दिसायला नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं सगळं माझं मी शिकले. शिवण शिकले, मोठी पुस्तकं वाचायला शिकले, इथे येऊन टीव्हीवरून इंग्रजी शिकले आणि एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकले. तिसऱ्या परीक्षेत पास झाले. आधीच्या दोन्ही वेळा परीक्षकच घाबरट होता.

टीमच्या सरावाच्या मैदानावर धुलाईला बाई हवी असं कळलं, तशी गाडी घेऊन गेले. किट रूमचा, म्हणजे खेळाडूंच्या कपड्यांच्या खोलीचा, मॅनेजर डग. सहा फुटांचा, लाल दाढीचा. त्यानं विचारलं, "अनुभव काय?"

त्याच्यासमोर जर्सींचा ढीग पडला होता. मी एक उचलली, नंबराच्या कडेला नख लावलं आणि म्हटलं, "हा आकडा अजून दोन धुण्यांत सुटणार. तू ड्रायर फार तापवतोस."

डग म्हणाला, "सोमवारपासून या."

मंदार मंडळात सांगायचा, "आई स्पोर्ट्स इंडस्ट्रीत आहे." एकदा एका बाईंनी मला विचारलं, "म्हणजे नेमकं काय करता, काकू?"

"मोजे धुते," म्हटलं. "घामाचे."

मंदारनं त्या दिवशी गाडीत रेडिओ मोठा केला. मला कसली लाज?

*

त्या खोलीची एक पद्धत होती. प्रत्येक खेळाडूला त्याच्या नंबराची जाळीची पिशवी. सराव झाला की कपडे त्यात कोंबायचे, पिशवी टोपलीत फेकायची. मी धुवायची, वाळवायची आणि खुंटीवर लावायची. सगळे मोजे उलटे यायचे, आत मातीचे गोळे. रोज पन्नासेक मोज्यांत हात घालून मी ते सुलटे करायची. कोणाचा पाय कसा पडतो हे मला त्यांच्या डॉक्टरआधी कळायचं.

मग सोइची आला. जपानहून, चौदा नंबर. बारीक अंगाचा, सत्तावीस वर्षांचा, शब्द मोजून बोलणारा.

त्याच्या पिशवीत जर्सी घडी केलेली. मोजे सुलटे, एकावर एक. डगनं पिशवी पाहिली आणि समजला की हे कपडे धुतलेलेच आहेत. त्यानं ती टोपलीतून काढून सरळ खुंटीवर लावली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

चार दिवस त्या माणसानं तेच घामट कपडे घातले, काढले आणि पुन्हा नीट घड्या घालून ठेवले. पाचव्या दिवशी मी खुंटीजवळून गेले तेव्हा वास आला.

त्याला गाठलं. "अरे, बोलला का नाहीस?"

आमचं दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं पटायचं. तो वाकून म्हणाला, "सॉरी. मला वाटलं, इथली पद्धत अशी आहे."

हा किस्सा मी मंडळात नेहमी सांगते. लोक पोट धरून हसतात. मलाही तेव्हा हसूच आलं होतं.

*

पहिल्या वर्षी त्यानं अकरा गोल केले आणि गाव वेडं झालं.

आमच्या भागात मोटारींच्या कारखान्यामुळे जपानी कुटुंबं बरीच. ती सगळी ढोल घेऊन येऊ लागली. मॅच संपल्यावर घरून आणलेल्या पिशव्या काढायची आणि स्टँडमधला कचरा वेचायची, आपलाही आणि दुसऱ्यांचाही. बसस्टॉपवर सोइचीचा माणसापेक्षा मोठा फोटो लागला. आपली पोरंही पाठीवर चौदा लावून फिरू लागली. माझी नात ईरा, वय वर्षं बारा, जिनं तोवर माझ्या नोकरीबद्दल मैत्रिणींना अवाक्षर सांगितलं नव्हतं, ती एक दिवस पाच मैत्रिणी घेऊन दारात उभी.

"आज्जी, टेल देम. यू वॉश हिज सॉक्स, राइट?"

"रोज," म्हटलं.

पाचही पोरी माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मंदारही मागे उभा राहून बघत होता.

*

आता एक किस्सा कोचचा.

कोचला च्युइंगम चघळायची सवय. एकदा त्याच्या पँटच्या खिशातलं गमचं पाकीट ड्रायरमध्ये वितळलं आणि नऊ जर्सींना चिकटलं. मी ती पँट हातात घेतली आणि सराव चालू असताना मैदानाच्या मधोमध गेले. शिट्टी थांबली.

"ही कोणाची?"

"माझी," कोच म्हणाला.

"उद्यापासून खिसे रिकामे करून टाकायचे. तुम्ही कोच आहात हे मशीनला माहीत नाही."

टीम हसली. कोच हसला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर उभा राहून खिसे बाहेर काढून दाखवायचा.

म्हणजे त्या मैदानावर मला तोंड नव्हतं असं नाही. हे लक्षात ठेवा.

*

दुसऱ्या वर्षी मंडळानं सोइचीला गणपतीला बोलावलं. शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. आमच्या हौशी मंडळींनी कागदी केळीची पानं मागवून जमिनीवर पंगत मांडलेली. सोइची कोट घालून आला. आरती होईपर्यंत हात जोडून उभा. मग त्याच्याभोवती आपले आयटीवाले जमले. गोल कसा मारतोस, हे कोणी विचारलं नाही.

"व्हिसा कुठला?"

"ग्रीन कार्ड फाइल केलं का?"

नागपूरचा एकजण म्हणाला, "यार, हा पण आपल्यासारखाच. टीमनं सोडलं की बॅग भरा."

सोइची प्रत्येक प्रश्नाला मान लववत होता. ईरा कपाळावर हात मारून म्हणाली, "डॅड, प्लीज मेक देम स्टॉप."

पण खरं तेच होतं. टीममध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. त्याचा करार त्या सीझनअखेर संपणार होता. नवा झाला तर राहणार, नाही झाला तर जाणार. आणि त्या वयात परत गेलेल्याला पुन्हा कोणी बोलावत नाही, असं डग म्हणायचा.

मग पंगत बसली. सोइची खाली बसला, पण उजवा पाय दुमडून. डावा त्यानं पानाच्या बाजूनं सरळ पुढे ठेवला. वाढपी त्याला वळसा घालून जात होते. लोकांना वाटलं, परदेशी माणूस, सवय नसेल.

जपानी माणसाला जमिनीवर बसायची सवय नाही? माझा घास हातातच राहिला.

*

सोमवारी त्याची पिशवी मी शेवटी काढली. डाव्या मोज्यात कोपरापर्यंत हात घातला. गुडघ्याकडच्या कडेला आतून चिकट लागलं. पट्टीचा गोंद, तोही तीन-चार थरांचा, आणि मलमाचा वास. टीमच्या डॉक्टरची पट्टी निळी असते. ही पांढरी होती. स्वतः दुकानातून आणून स्वतः बांधलेली.

तो पिशवी न्यायला आला तेव्हा मी दार लावलं.

"गुडघा किती दिवस?"

त्यानं आधी दाराकडे बघितलं. "चार महिने."

"डॉक्टरला सांग."

"डॉक्टर कोचला सांगणार. कोच दुसरा खेळाडू आणणार." मग बोटं दाखवून म्हणाला, "आजी, आठ मॅच. नंतर करार. नंतर डॉक्टर."

आजी हा शब्द मी डगला शिकवला होता. माझ्या मुलाच्या वयाच्या माणसानं मला नावानं हाक मारलेली चालणार नव्हती. डगकडून तो सगळ्या टीमनं उचलला. पण सोइची तो नीट म्हणायचा. घरातल्यासारखा.

मी म्हटलं, "बरं. मी कोणाला सांगणार नाही. पण मला खोटं सांगायचं नाही. ज्या दिवशी दुखेल त्या दिवशी डावा मोजा उलटा टाकायचा."

तो खरोखर दचकला. "उलटा? तुम्ही हात घालणार. वाईट दिसतं."

"पन्नास उलट्या मोज्यांत हात घालते. एकावन्नावा जड नाही."

मग तो वाकला. करार झाला. त्याचा टीमशी नव्हे, आमच्या दोघांचा.

*

पहिले दोन आठवडे मोजे सुलटे आले. मला वाटलं, पोरगा खोटं बोलतोय. मग एका बुधवारी डावा उलटा आला. पुढच्या आठवड्यात दोनदा. मी घरून हळद-आंबेहळदीचा लेप डबीत घालून न्यायची आणि त्याच्या पिशवीत ठेवायची. डबी धुऊन पुसून परत यायची. मोजा मात्र उलटाच.

आठातली सातवी मॅच शनिवारी होती. त्या आठवड्यात सोमवारी उलटा. मंगळवारी उलटा. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी. शुक्रवारी डगनं माझ्या हातातला मोजा पाहिला आणि मोठ्यानं हसला.

"बघा आजी, दोन वर्षं लागली. शेवटी अमेरिकन झाला."

मी हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

*

शनिवारी सकाळी मी जर्सी लावत होते. कोच आत आला. मी न सांगताच त्यानं खिसे बाहेर काढून दाखवले. जायला वळला आणि दारात थांबला.

"आजी, तुम्ही या पोरांना रोज बघता. फोर्टीन कसा वाटतो? जरा लंगडतो असं मला वाटलं."

माझ्या हातात चौदाचीच जर्सी होती.

मी बोलले असते तर त्या दिवशी तो बाकावर बसला असता. महिनाभर पाय वर करून पडला असता. करार गेला असता, कदाचित. पाय राहिला असता, कदाचित. मी कोणाची भीड धरणारी बाई नाही. सासऱ्यांना तोंडावर बोलले आहे. नगरसेवकाला बोलले आहे. या कोचला भर मैदानात बोलले होते.

"फाइन," म्हटलं.

शब्द दिला होता म्हणून, असं मी स्वतःला सांगते. पण मलाही तो अजून खेळायला हवा होता. ईराच्या मैत्रिणी माझे हात बघायच्या, तेही मला आवडत होतं. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

*

दुपारी दोनची मॅच, लख्ख ऊन. खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी मी टॉवेल घेऊन उभी होते. मंदार आणि ईरा वर स्टँडमध्ये.

पंचविसेक मिनिटं झाली असतील. चेंडू त्याच्यापाशी नव्हताच. तो नुसता वळला आणि खाली बसला. पडला नाही, बसला. दोन्ही पाय दुमडून बसायचा प्रयत्न केला, जसं त्यांच्याकडे बसतात, आणि डावा दुमडलाच नाही.

ढोल थांबले. हजारो माणसं आणि मला फक्त झेंड्यांची फडफड ऐकू येत होती.

घरी जाताना ईरा मागच्या सीटवरून म्हणाली, "नोबडी इव्हन टच्ड हिम, आज्जी."

आम्ही हरलो. मॅच संपल्यावर जपानी मंडळींनी पिशव्या काढल्या आणि रोजच्यासारखा कचरा वेचला. एक बाई वेचता वेचता रडत होती, पण वेचायची थांबली नाही.

*

ऑपरेशन झालं. सीझन संपला, नवा करार झाला नाही. टीमनं तीन ओळींत त्याचे आभार मानले. बसस्टॉपवरचा फोटो गेला, तिथे मेडिकल इन्शुरन्सची जाहिरात आली. मंडळात नागपूरवाला म्हणाला, "किती दिवसांत देश सोडावा लागतो त्याला? आपल्याएवढेच असतील ना?"

"तुझी बॅग भरून तयार आहे का?" मी विचारलं. त्याचीही तयार होती, हे मला माहीत होतं. त्याच्या बायकोनं सांगितलं होतं.

मग डगनं माझ्यापुढे खोकी आणून ठेवली. दुकानाच्या काचेत उन्हात टांगलेल्या, न विकलेल्या जर्सी. त्यांवरचा चौदा काढायचा होता. वाफेची इस्त्री धरायची, कड उचलायची, सोलायचं. मी दोन दिवस सोलत होते. आकडा निघतो, पण त्याखालचं कापड उन्हात गेलेलं नसतं, ते गडद राहतं. जर्सी उजेडात धरली की चौदा दिसायचाच.

डग म्हणाला, "आजी, अजून दिसतंय."

"माझ्या इस्त्रीचा दोष नाही," म्हटलं.

*

तो निरोप घ्यायला आला कुबड्यांवर. हातात त्याची जाळीची पिशवी, धुऊन आणलेली, रिकामी.

मी ठरवलं होतं, सांगायचं. दार लावलं. "सोइची, त्या दिवशी सकाळी कोचनं मला विचारलं होतं."

"हो," तो म्हणाला. "मी दाराबाहेर होतो. शूज घ्यायला आलो होतो."

मशीन चालू होतं. मी ते बंद केलं.

"ऐकलंस?"

"हो." त्यानं कुबड्या भिंतीला टेकवल्या, एका पायावर तोल सांभाळला आणि कमरेतून वाकला, किती तरी वेळ. "थँक यू, आजी."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर त्या मी दोन दिवसांत पचवल्या असत्या.

*

त्यानंतर मी एक सीझन काम केलं आणि सोडलं. डगला सांगितलं, हात दुखतात.

मागच्या महिन्यात ईरानं फोन आणून दाखवला. आता ती पंधरा वर्षांची आहे. सोइची जपानमध्ये खालच्या दर्जाच्या एका टीममध्ये परत खेळायला लागला होता. निळी जर्सी, नवा नंबर, हसरा चेहरा. खाली त्याचं बोलणं छापलेलं, ईरानं मोठ्यानं वाचलं: गुडघा पूर्ण बरा आहे, आता काहीही दुखत नाही. पुढचे आठ सामने महत्त्वाचे आहेत.

मंडळाच्या ग्रुपवर तासाभरात ते पोचलं. नागपूरवाल्यानं लिहिलं, "भाऊ परत आला." चाळीस जणांनी अंगठे दाखवले. मंदार म्हणाला, "बघ आई, तू उगाच इतकं मनाला लावून घेतलंस. झाला ना बरा?"

मी त्या रात्री खरंच शांत झोपले.

परवा शनिवारी जपानहून एक पाकीट आलं. मंदारनंच ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फोडलं. आत एक कार्ड, त्यावर कुठून तरी बघून काढलेली देवनागरी अक्षरं: आजी. बाकी काही लिहिलेलं नाही. आणि निळ्या मोज्यांची एक जोडी. नवी नव्हे. वापरलेली, धुतलेली, घडी घातलेली.

मंदारनं घडी उलगडली.

"अरे, हा डावा उलटाच राहिलाय," तो म्हणाला. "थांब, सरळ करून देतो."

"हात लावू नकोस त्याला," मी म्हटलं.